एअर रायफलची स्प्रिंग काढून गॅस पिस्टन बसवला, त्याचा अनुभव

पॉवरचं आधी सांगतो, कारण विचारणारा प्रत्येक जण तेच विचारतो. गॅस पिस्टन म्हणजे स्प्रिंगच्या जागी बसणारं, दाबलेल्या नायट्रोजनचं बंद नळकांडं (गॅसचा सिलिंडर) आणि त्यातून बाहेर येणारा दांडा. तो बसवल्याने पॉवर वाढत नाही. माझी रायफल भारतीय बनावटीची, ०.१७७ बोअरची, नळी खाली वाकवून कॉक करायची, म्हणजे पिस्टन मागे ढकलून अडकवायचा. ८.४४ ग्रेनच्या छर्‍याला स्प्रिंगवर सेकंदाला १८८ मीटरच्या आसपास वेग मिळायचा, गॅस पिस्टनवर तो १९२ च्या आसपास मिळतो. म्हणजे साधारण १० जूल. रायफलचा सिलिंडर तोच, पिस्टन मागे जातो ते अंतर तेच, हवा पुढे सोडणारं भोकही तेवढंच. मग छर्‍यामागे हवा जास्त कुठून येणार? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० जूलच्या आतली ०.१७७ रायफल बिनपरवान्याची असते. पॉवरसाठी हा उद्योग करणार असाल तर करू नका, हाती काही लागणार नाही. आणि लागलंच तर ते परवान्याच्या भानगडीकडे नेणारं असेल.

मग बदललं काय? स्प्रिंगच्या रायफलचा घोडा दाबला की छर्रा गेल्यावरही गालाला एक झणझण जाणवत राहते. वेटोळी उलगडताना स्प्रिंग स्वतःभोवती थोडी पिळवटते आणि रायफल त्या बाजूला किंचित कलते. गॅस पिस्टनमध्ये हे दोन्ही गेलं. एक कोरडा ‘टक्’ आवाज येतो आणि काम संपतं. घोडा दाबल्यापासून छर्रा सुटेपर्यंतचा वेळही कमी झाल्यासारखा वाटतो, कारण माझ्या जोडणीत पुढे पळणारं वजन कमी झालं आहे. स्प्रिंगचा निम्म्याच्या आसपास भाग पिस्टनसोबत धावतो. इथे फक्त दांडा आणि पिस्टन पुढे जातात, गॅसचा सिलिंडर मागेच टेकलेला राहतो. उलटा बसवला, म्हणजे सिलिंडर पिस्टनच्या पोटात आणि दांडा मागे, तर हा फायदा बराचसा जातो. किट मागवताना हे आधी विचारून घ्या, विकणारे स्वतःहून सांगत नाहीत.

धक्का मात्र कमी झाला म्हणणार्‍यांशी मी सहमत नाही. तो आखूड झाला आणि तीक्ष्णही झाला. स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) माउंटचे स्क्रू पहिल्या काही आठवड्यांत दोनदा सैल झाले. निळं लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा चिकट द्रव) लावल्यापासून हलले नाहीत. स्वस्तातला, फायरआर्मसाठी (दारूच्या बंदुकीसाठी) बनवलेला स्कोप यावर चढवू नका. एअर रायफलचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो, आणि साधे स्कोप त्या पुढच्या झटक्याने जातात.

कॉक करणं हा यातला सगळ्यात नावडता भाग. स्प्रिंगचा जोर हळूहळू चढत जातो, सुरुवातीला हात सहज जातो. गॅस पिस्टन पहिल्या इंचापासूनच जवळजवळ पूर्ण जोर मागतो. त्याचं गणित सोपं आहे : आतला दाब गुणिले दांड्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. दांडा १० मिलिमीटरचा आणि दाब १०० बार धरला तर सुमारे ८० किलोचा जोर होतो. नळीच्या लांबीमुळे हाताला त्यातला थोडाच जाणवतो, तरी तासभर सराव केला की उजवा खांदा बोलायला लागतो. माझी मुलगी स्प्रिंगवर ही रायफल स्वतः कॉक करायची. आता मला द्यावी लागते, आणि ती त्यावर खूश नाही.

आता उन्हाळ्याचं. गॅस पिस्टनला ऋतूंचा फरक पडत नाही असं ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. ते लिहिणार्‍यांनी मे महिन्यात नागपूरला यावं. बंद नळकांड्यातल्या नायट्रोजनचा दाब तापमानाबरोबर चढतो आणि उतरतो. डिसेंबरात पहाटे १० अंश आणि मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या शेडखाली ४४ अंश. केल्व्हिनमध्ये २८३ आणि ३१७, म्हणजे दाबात जवळपास १२ टक्क्यांचा फरक. वेग मोजणार्‍या क्रोनोग्राफनेही तेच दाखवलं. थंडीत १८७-१८८, मेच्या दुपारी १९८. कागदावर बघायचं तर २५ मीटरला छर्रा सेंटीमीटरभर वर लागतो. दहा मीटरवर हा फरक कळतही नाही, तिथे पाच छर्रे आजही रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. पण लांबवर खेळत असाल तर ऋतू बदलला की झीरो (स्कोपची नेमाशी जुळणी) पुन्हा तपासा, आणि उन्हाळ्यात बंद गाडीच्या डिकीत रायफल ठेवू नका. स्प्रिंग थंडीत कुरकुरते ती ग्रीस घट्ट झाल्यामुळे, पण तिच्या पोलादाला मेची दुपार काय आणि पौषाची पहाट काय.

बसवण्याबद्दल लोक फार घाईने विचारतात. आधी आपल्या रायफलचा पिस्टन कुठे अडकतो ते बघा. गॅमो या स्पॅनिश कंपनीच्या धर्तीच्या ट्रिगरमध्ये तो मागच्या कडेला धरला जातो, त्यामुळे मधली जागा रिकामी असते आणि गॅसचा सिलिंडर तिथे बसतो. माझी अशी आहे म्हणून जमलं. जुन्या डायना ३५ च्या जातीच्या रायफलींत पिस्टनच्या मधोमध एक दांडा असतो, स्प्रिंग त्याच्याभोवती बसते आणि ट्रिगर त्या दांड्याचं टोक पकडतो. तिथे गॅसचा सिलिंडर ठेवायला जागाच नाही. त्यासाठी नवा पिस्टन आणि नवा ट्रिगर लागेल, मग दुसरी रायफल घेतलेली काय वाईट?

माझ्याकडे आलेला गॅसचा सिलिंडर रायफलच्या मागच्या ठोकळ्यात किंचित जाड होत होता. डेल्रिन या कडक प्लास्टिकचा बुश (मधलं कडं) करून घ्यायला हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने व्हर्नियर लावला, सिलिंडर बोटात फिरवून बघितला आणि म्हणाला, “बुश काहून करता भाऊ? यालेच अर्धा एमएम घासून देतो ना. दोन मिनिटाचं काम.” मी तो सिलिंडर त्याच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. शंभर बारच्या आसपासचा दाब एका पातळ भिंतीच्या आत आहे. त्याला लेथवर धरायचं नाही, ड्रिल मारायचं नाही, तापवायचं नाही, संपला तरी कापायचा नाही. हे सांगितल्यावर त्यानेच तो एका फडक्यात गुंडाळून यंत्रापासून लांब ठेवला आणि ठोकळ्याचं भोक मोठं करून दिलं. बुश त्यात छान बसला.

स्प्रिंग बाहेर काढताना नीट क्लॅम्प हवाच. मी सुताराचा लांब सॅश क्लॅम्प लाकडाच्या पाटावर बोल्ट करून वापरला. मागची पिन निघाली की कोंडलेली स्प्रिंग काही इंच झेपावते, आणि ती समोर काय आहे ते बघत नाही. हाताने दाबून धरतो म्हणणारे भेटतात. त्यांची बोटं अजून शाबूत आहेत याचं मला नवल वाटतं. गॅस पिस्टनची झेप कमी अंतराची असते, पण जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण, त्यामुळे बसवतानाही क्लॅम्प सुटता कामा नये. पिस्टनच्या कडेला मॉलिब्डेनमची पेस्ट अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढीच. कॉम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे पिस्टनपुढे हवा दाबली जाते तिथे, साधं तेल मुळीच नको, ते दाबाने पेटतं, धूर येतो, मोठा आवाज होतो आणि सील जळतं. आणि छर्रा न भरता घोडा कधीच दाबू नका.

टिकाऊपणाबद्दल माझी तक्रार आहे. पहिला गॅस पिस्टन पावसाळा सुरू होता होता मंदावला. आधी वाटलं छर्रे खराब आलेत, डबा बदलून बघितला. वेग १७० वर आला तेव्हा रायफल उघडली. दांड्यावर तेलाची बारीक चकाकती रेघ होती, सील गळत होतं. विकणार्‍याने “तुम्ही उघडून बसवलं ना” म्हणत हात वर केले. अहो, बसवायलाच तर विकला होता! हा सीलबंद प्रकार, पुन्हा भरता येत नाही. इंग्लंडच्या थिओबेन कंपनीने १९८० च्या दशकात हे तंत्र रायफलींमध्ये आणलं तेव्हा हातपंपाने दाब कमी-जास्त करायची सोय होती. वायराउख या जर्मन कंपनीच्या एचडब्ल्यू ९० रायफलमध्ये तीच पद्धत आहे. आपल्याला परवडणारे किट मात्र वापरा आणि फेका या जातीचे. दुसरा पिस्टन दुसरीकडून घेतला, तो अजून तरी ठाक आहे. स्प्रिंग तुटली तरी रायफल थोडीफार चालते आणि नवी स्प्रिंग काहीशे रुपयांत येते, हे लक्षात असू द्या.

एक फायदा खूप सांगितला जातो : कॉक करून कितीही वेळ ठेवा, गॅसचा जोर कमी होत नाही, स्प्रिंग मात्र दबून कमजोर होते. खरं आहे. पण कागदावर नेम धरणार्‍याला रायफल कॉक करून ठेवायची गरजच काय? ती गरज शिकार्‍याची, आणि आपल्याकडे संरक्षित पक्ष्याप्राण्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वांदरं हाकलायलाही ही घेऊ नका.

तुमची अडचण फक्त झणझणीची असेल तर आधी स्प्रिंगच्या आत नीट मापाचा डेल्रिन गाइड (स्प्रिंगला आतून आधार देणारा दांडा) बसवून घ्या, टोकं घासून सपाट करा, जाड चिकट ग्रीस लावा. खर्च किरकोळ, आणि निम्मी झणझण तिथेच मरते. त्यानंतरही मन भरलं नाही तर गॅसकडे वळा. मी माझी परत स्प्रिंगवर नेणार नाही, नेमाचा तो कोरडा टक् आता हाताला लागला आहे. बाबांची जुनी डायना ३५ मात्र स्प्रिंगवरच राहील. तिला जमणार नाही हे वर सांगितलंच, आणि जमलं असतं तरी सत्तरीच्या माणसाला ते कॉक करणं झेपलं नसतं. तिच्यासाठी नवी स्प्रिंग आणि चामड्याचं वॉशर मागवलं आहे.