‘जुन्या सेटमधून काढलेले’ ट्रान्झिस्टर घेताना

कळव्यातल्या आमच्या भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर गणपतीच्या तोंडावर बंद पडला. स्पीकरला ताकद पुरवणारे आउटपुटचे ट्रान्झिस्टर, तोशिबाचे २एससी५२०० आणि २एसए१९४३, उडाले होते. या जोडीची नक्कल बाजारात इतकी आहे की नवीन मालावर दुरुस्तीवाल्यांचा भरवसा राहिलेला नाही. म्हणून बरेच जण जुन्या सेटमधून काढलेले घेतात. वापरलेला म्हणजे एकदा चाललेला, म्हणून खरा, असा हिशेब. फसवणाऱ्यांनी नेमका तोच हेरला आहे.

तुर्भ्यातल्या एका दुकानदाराने डबाभर माल पुढे केला. “बाहेरच्या ॲम्प्लिफायरमधून काढलेत दादा, एकदम ओरिजनल.” पाठीला पांढरी हीटसिंक (उष्णता ओढणारी धातूची पट्टी) पेस्ट, पायांना कथील, अंगावर ओरखडे. मीटर डायोड टेस्टवर ठेवून प्रत्येक नग दाखवला. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे बेस, कलेक्टर आणि एमिटर: बेस-एमिटर, बेस-कलेक्टर दोन्हीकडे ०.५ ते ०.६ व्होल्ट, उलट्या बाजूने काही नाही. बिल मागितलं तर जुन्या मालाला बिल नसतं म्हणाला.

बसवून सिरीज बल्बवर (वाटेत बल्ब जोडून, म्हणजे बिघाड असला तरी करंट मर्यादित राहतो) चालू केलं. बायस (आवाज नसताना ट्रान्झिस्टरमधून वाहणारा ठरावीक करंट) जागेवर, आवाज स्वच्छ. भजनात पखवाज-टाळ चढले, आवाज वाढवला आणि एक ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर शॉर्ट झाला. अशा वेळी सप्लायचा डीसी थेट स्पीकरवर जातो. या सेटला प्रोटेक्शन नव्हतं, वूफरची कॉइल जळाली. तो स्पीकर वर्गणीतून घेतलेला होता. ट्रान्झिस्टरच्या पैशांपेक्षा मला त्याचं जास्त लागलं.

जळालेला नग व्हाइसमध्ये धरून फोडला. २एससी५२०० हा २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅटचा ट्रान्झिस्टर. एवढी उष्णता खालच्या धातूच्या पट्टीत उतरवायची तर सिलिकॉनची चिप मोठीच लागते. शेजारी पूर्वीचा जळका खरा नग फोडून ठेवला, त्याच्या चिपच्या पाव भागाएवढीही ही नव्हती. डायोड टेस्टमध्ये मीटर जेमतेम मिलिअँपिअरच्या घरातला करंट सोडतो. तेवढ्याला इवलीशी चिपही तोच आकडा दाखवते. दुकानदार ही टेस्ट इतक्या उत्साहाने का करून दाखवतो, ते आता कळलं असेल.

कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजणारा साधा मीटर मात्र हे पकडतो, कारण चिप लहान तेवढा तो कमी. एमिटर मोकळा सोडून बेस आणि कलेक्टरमध्ये मोजा. कंपनीच्या डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) कलेक्टर-बेसला १० व्होल्ट असताना सी५२०० ला साधारण २०० आणि ए१९४३ ला ३६० पिकोफॅरड दिलेले आहेत. मीटर जवळजवळ शून्य व्होल्टवर मोजतो आणि व्होल्टेज कमी तेवढा कपॅसिटन्स जास्त, त्यामुळे खऱ्याचा आकडा याहून बराच वर यायला हवा. माझ्याकडचे उरलेले नग या आकड्यांच्याही खाली आले. खात्रीचा एक नग जवळ असेल तर तो शेजारी मोजून बघणं सगळ्यांत चांगलं.

खऱ्या काढलेल्या नगाचे पाय आखूड कापलेले असतात, स्क्रूच्या भोकाभोवती वॉशरचा गोल उमटलेला असतो, पेस्ट वाळून कडक झालेली असते. माझ्या नगांचे पाय लांब, सगळे एकाच मापाचे, पेस्ट ओली. धातूच्या टोपीचा २एन३०५५ ट्रान्झिस्टर घेतानाही बुडाला हीटसिंकपासून वेगळं ठेवणाऱ्या अभ्रकाच्या चकतीचा ठसा आहे का बघा. तरी हे ठसे उद्या तेही बनवतील. म्हणून मी आता सुटे नग घेतच नाही. हीटसिंक आणि बोर्डासकट देत असेल तरच घेतो आणि समोर उतरवतो. थोडे जास्त पैसे जातात, जाऊ देत.

नग परत न्यायला गेलो तर “तुम्हीच जाळलात” हे उत्तर मिळालं. बिल नसल्याने पुढे बोलता आलं नाही. तुमच्याकडे बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक लावा. ठाणे-नवी मुंबईत कोणी असा माल घेऊन बसवला असेल, तर पहिल्यांदा सेटचे स्पीकर सोडवा, मग नग उतरवून मोजा.