डिजिटल संसद: उत्तरं सगळी आहेत, धागे तुटलेले आहेत

मंत्र्यांनी सभागृहात काय सांगितलं याची बातमी वाचून समाधान होत नसेल, तर मूळ उत्तराची पीडीएफ ‘संसद डॉट इन’ या संसदेच्या पोर्टलवर फुकट मिळते. लॉगिन नाही, अर्ज नाही. माल अस्सल आहे, सही-शिक्क्याइतका भरवशाचा. पण तो शोधायचा कसा आणि सापडल्यावर पुढे कुठे जायचं, याबाबत पोर्टल फारसं बोलत नाही. पाचपैकी साडेतीन गुण.

शोधताना बहुतेकांची चूक एकच होते: थेट शब्द टाकून शोध. प्रश्नांची शीर्षकं मोघम असतात, अनेकदा योजनेचं नुसतं नाव. त्यामुळे निकालांचा ढीग पडतो. आधी सभागृह, मग लोकसभा क्रमांक (म्हणजे कितवी लोकसभा), अधिवेशन, मंत्रालय, आणि शब्द सगळ्यांत शेवटी. खासदाराच्या नावाने शोधत असाल तर लक्षात ठेवा, की सारखे प्रश्न एकत्र केले जातात आणि एकाच उत्तरावर चार-पाच नावं असू शकतात.

नुसता प्रश्न क्रमांक घेऊन आलात तर घोळ ठरलेला. क्रमांक दर अधिवेशनात नव्याने सुरू होतात. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) यांची मोजणीही वेगळी. म्हणजे ‘प्रश्न क्र. १२३’ एकाच अधिवेशनात, एकाच सभागृहात दोनदा असतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात, राज्यसभेत १५ आणि १६०. यावरून साधं गणित जमतं: अतारांकित १००० हा क्रमांक लोकसभेत प्रश्नांच्या पाचव्या दिवशी पडतो, राज्यसभेत सातव्या. तारीख माहीत नसेल तर ही युक्ती बराच वेळ वाचवते. पीडीएफ उतरवून घेताना फाइलच्या नावात सभागृह, अधिवेशन, प्रकार, क्रमांक, तारीख हे पाचही घाला, कारण दुवे टिकतील याची खात्री नाही. जुन्या लेखांत दिलेले १६४.१०० ने सुरू होणारे पत्ते आज बरेचदा उघडतच नाहीत.

उत्तर वाचणं ही स्वतंत्र कला आहे. प्रश्नाला क, ख, ग, घ असे भाग असतात आणि उत्तर येतं ‘क ते घ’ एकत्र. नेमका कुठला भाग गाळला गेला, हे प्रश्न शेजारी ठेवून ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल विचारलं गेलं. उत्तराचा गाभा असा: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. मृत्यू झाले नाहीत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ‘कळवलेलं नाही’ हे क्रियापद सगळं काम करतं. अशीच आणखी दोन वाक्यं ओळखीची करून घ्या: ‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’.

तारांकित प्रश्नाची पीडीएफ म्हणजे अर्धाच ऐवज. खरी झटापट उपप्रश्नांत होते आणि ते उत्तराच्या फाइलमध्ये नसतात. त्यासाठी त्याच तारखेचा कामकाजाचा शब्दशः वृत्तांत उघडावा लागतो. यादीतल्या विसांपैकी मोजकेच प्रश्न तासाभरात तोंडी होतात. गोंधळात सभागृह तहकूब झालं तरी लेखी उत्तर पटलावर येतंच, उपप्रश्न मात्र बुडतात. सप्टेंबर २०२०च्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त अतारांकित प्रश्नांची उत्तरं आली. आणखी एक मेख आहे: मंत्री चुकीचं उत्तर नंतर निवेदन करून दुरुस्त करतात. महत्त्वाचा आकडा वापरण्याआधी पुढच्या काही दिवसांचं कामकाज चाळून घ्या.

दीड गुण कापला तो मुख्यतः आश्वासनांसाठी. ‘माहिती गोळा केली जात आहे व पटलावर ठेवली जाईल’ किंवा ‘बाब विचाराधीन आहे’ असं मंत्री म्हणाले, की ते आश्वासन ठरू शकतं. ठरलं तर तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. जमत नसेल तर मंत्रालय आश्वासन समितीकडे मुदतवाढ मागतं, किंवा ते वगळण्याची विनंती करतं. लोकसभा विसर्जित झाली तरी आश्वासन मरत नाही. व्यवस्था चांगली आहे! पण मूळ उत्तर एकीकडे, पूर्ततेची निवेदनं दुसरीकडे आणि समितीचे अहवाल तिसरीकडे. उत्तराच्या पानावरच ‘पूर्ण, प्रलंबित, वगळलं’ एवढी खूण असती तर पोर्टलला पूर्ण गुण देता आले असते. सध्या हे धागे आपणच जुळवायचे.

समित्यांचा विभाग मात्र पोर्टलचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कसदार भाग. मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या २४ विभागसंलग्न स्थायी समित्या, प्रत्येकीत ३१ सदस्य: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. बहुतेक मंत्रालयांच्या अनुदान मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या मागण्या, लोकसभेत चर्चेविना, गिलोटिन लावून एकगठ्ठा मंजूर होतात. त्यामुळे एखाद्या मंत्रालयाच्या खर्चाची बारीक तपासणी बघायची तर समितीचा अहवाल हीच जागा. त्यात अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी मांडलेले तक्ते शोधा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांतली दरी दरवर्षी वाढत असेल, तर दोष पैशाच्या तुटवड्यात नसून खर्च करण्याच्या क्षमतेत असण्याची शक्यता जास्त. बैठका बंद दाराआड होतात, पण इतिवृत्त अहवालाच्या शेवटी जोडलेलं असतं.

शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, म्हणून मूळ अहवालापेक्षा त्यावरच्या कार्यवाहीचा अहवाल अधिक कामाचा. त्याची रचना ठरलेली: दुसऱ्या प्रकरणात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात सरकारचं उत्तर समितीला न पटलेल्या, पाचव्यात अंतिम उत्तर बाकी असलेल्या. वेळ कमी असेल तर सरळ चौथं प्रकरण उघडा आणि त्यातल्या प्रत्येक मुद्द्यावरचा समितीचा शेरा पहिल्या प्रकरणात वाचा. चौथं रिकामं आणि पाचवं फुगलेलं दिसलं, तर मंत्रालय वेळ काढतंय असं समजायला हरकत नाही.