अंटार्क्टिका, साउथ जॉर्जिया की स्वालबार्ड? मराठवाड्यातून ध्रुवाकडे निघण्याआधी

ध्रुवीय सफरीसाठी पैसे बाजूला काढले की बहुतेक जण आधी जहाजाची चौकशी करतात. बाल्कनी केवढी, बटलर आहे का, स्पा कसा आहे. संभाजीनगर, जालना, लातूरकडच्या ओळखीच्यांशी बोलताना मला हेच प्रश्न येतात आणि मी एकच सांगते: आधी मार्ग ठरवा, मग जहाजावर एकूण माणसं किती ते विचारा, खोलीचं सगळ्यात शेवटी बघा. साध्या खोलीच्या आणि वरच्या मजल्यावरच्या मोठ्या सूटच्या किमतीत जेवढा फरक पडतो, तेवढ्यात पुष्कळदा मार्ग आठवडाभराने लांबवता येतो. त्या आठवड्यात काय बघायला मिळतं हे कळलं की सूटचा मोह आपोआप कमी होतो.

निवड मुख्यतः तीन मार्गांमधली असते. पहिला, अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआइयाहून अंटार्क्टिक द्वीपकल्प आणि परत, दहा-बारा दिवसांचा. दुसरा, त्यालाच फॉकलंड आणि साउथ जॉर्जिया ही बेटं जोडलेला, अठरा ते बावीस दिवसांचा. तिसरा उत्तरेचा, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांभोवती आठ-दहा दिवस. पेंग्विन फक्त दक्षिणेच्या मार्गांवर भेटतात आणि पांढरं अस्वल फक्त उत्तरेच्या. नातवंडं बरोबर येणार असतील तर त्यांनाच विचारून टाका, निम्मा निर्णय तिथेच होतो.

हंगाम आणि आपली कामं

अंटार्क्टिकाची जहाजं नोव्हेंबर ते मार्च एवढीच चालतात. आपल्याकडे तेव्हा कापसाची वेचणी, जिनिंगचा हंगाम, तुरीची काढणी आणि लग्नसराई. शेती किंवा व्यापार असलेल्या घराला पंधरा-वीस दिवस काढणं सोपं नाही. त्यातल्या त्यात दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरात निघता आलं तर बर्फ अजून कोरा असतो आणि पेंग्विन चोचीत खडे आणून घरटी रचत असतात. पिल्लं पाहायची तर डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी. देवमाशांसाठी फेब्रुवारी-मार्च, पण तोवर किनारे चिखल आणि विष्ठेने माखलेले असतात.

स्वालबार्डचा मोसम जून ते ऑगस्टचा. जूनमध्ये मृगाची पेरणी डोक्यावर असते, म्हणून शेतकरी घरांना मी जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट सुचवते. तोवर समुद्रातला बर्फ उत्तरेकडे सरकलेला असतो आणि जहाजाला बेटांना पूर्ण वळसा घालण्याची शक्यता वाढते. तिथे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही.

थंडीचं भय मात्र अनेकांच्या मनात वाजवीपेक्षा जास्त आहे. द्वीपकल्पावर उन्हाळ्यात पारा शून्याच्या आसपास असतो, स्वालबार्डला तीन ते सात अंश. डिसेंबरात परभणीतही पहाटे पाच-सहा अंश होतात. झोंबतो तो वारा, आणि त्याला जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारं बाहेरचं जाकीट लागतं. बऱ्याच कंपन्या ते देतात. आधी विचारून घ्या, दुहेरी खर्च करू नका.

समुद्र किती सोसेल?

उशुआइया आणि अंटार्क्टिकाच्या मध्ये ड्रेक पॅसेज आहे. पार करायला जाताना साधारण दोन दिवस आणि येतानाही दोन. समुद्र कधी शांत मिळतो, कधी ताटातलं खाली सांडतं. घाटातल्या एसटीतही ज्यांना मळमळतं त्यांनी हे गांभीर्याने घ्यावं: आपल्या डॉक्टरांना विचारून गोळ्या आधीच सुरू करायच्या, त्रास व्हायला लागल्यावर नाही. आणि खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्यावी. तिथे हेलकावे सगळ्यात कमी बसतात आणि या खोल्या स्वस्तही असतात. महागडे सूट वरच्या मजल्यांवर असतात आणि तिथेच जहाज जास्त झुलतं.

ड्रेक टाळायचाच असेल तर चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने सुमारे दोन तासांत अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथे जहाज पकडता येतं. गुडघे, मणके किंवा रजा यांची अडचण असेल तर हा मार्ग उत्तम. मात्र धुकं आलं की विमान एक-दोन दिवस अडकतं, त्यामुळे परतीचं तिकीट लगेचचं काढू नये. शिवाय जहाजामागे पंख न हलवता तरंगत येणारे अल्बट्रॉस या मार्गात हुकतात.

स्वालबार्डचा प्रवास बराचसा फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाड्यांच्या, आडोशाने होतो. पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्या वयस्कर जोडप्याला मी निःशंक हा उत्तरेचा मार्ग सुचवते.

साउथ जॉर्जिया

जादा पैसे कुठे घालायचे असतील तर इथे. सेंट अँड्र्यूज बेच्या किनाऱ्यावर किंग पेंग्विनांची वस्ती लाखांच्या घरात आहे. त्यांच्यात तपकिरी लोकरीच्या गोळ्यांसारखी पिल्लं, शेजारी एलिफंट सील लोळत पडलेले, आणि मागे थेट समुद्रातून उठलेले हिमाच्छादित डोंगर. द्वीपकल्पावर बर्फ राज्य करतो, इथे जीव. आणि हेच बेट एकेकाळी कत्तलखाना होतं. १९०४ मध्ये ग्रिटविकेनला देवमाशांची तेलं काढण्याचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्या सहा दशकांत या बेटावर दीड लाखाहून जास्त देवमासे कापले गेले. गंजलेल्या टाक्या अजून उभ्या आहेत. तिथल्याच छोट्या दफनभूमीत १९२२ मध्ये वारलेल्या अर्नेस्ट शॅकल्टन या ध्रुवीय प्रवाशाची कबर आहे.

जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊन टाकली होती. अनेक वर्षांच्या मोहिमेनंतर २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं आणि पक्षी परत वाढू लागले. माणसाने बिघडवलेलं माणसाने दुरुस्त केलेलं इतक्या ठळकपणे दुसरीकडे क्वचित दिसतं. मला हा मार्ग तिन्हींत श्रेष्ठ वाटतो तो यासाठी.

अडचणीही सांगायला हव्यात. वीस दिवसांतले सात-आठ दिवस निव्वळ समुद्रावर जातात. डिसेंबर-जानेवारीत नर फर सील किनारे अडवून बसतात आणि काही ठिकाणी उतरता येत नाही. जोराचा वारा असला तरी बेत बदलतो. ‘ठरलेलं दाखवलं नाही’ म्हणून भांडणारा स्वभाव असेल तर हा मार्ग घेऊ नका.

द्वीपकल्प आणि स्वालबार्ड, समोरासमोर

द्वीपकल्पावर लमेअर खाडीच्या दोन्ही बाजूंचे कडे, नेको हार्बरला तुटणारी हिमनदी, कुव्हरव्हिल बेटावरचे जेंटू पेंग्विन, डिसेप्शन बेटावर ज्वालामुखीच्या मुखात शिरणारं जहाज. पृथ्वीवरच्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के या खंडावर गोठून पडलंय. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी लातूरकरांनी भरून घेतलं, त्या भागातल्या माणसाला हा आकडा नुसता आकडा राहत नाही.

स्वालबार्डचं वैभव वेगळं आहे. वॉलरसचे कळप, अल्केफ्येलेतच्या कड्यावर हजारोंनी बसलेले पक्षी, आणि नशीब असेल तर अस्वल. २०२५ पासून अस्वलापासून निदान ३०० मीटर दूर राहावं लागतं, १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. म्हणजे चांगली दुर्बीण हवीच, मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. किनाऱ्यावर वाटाडे बंदूक घेऊन बरोबर चालतात, एकट्याने हिंडता येत नाही.

भारताचं संशोधन केंद्र पाहायची इच्छा बरेच जण बोलून दाखवतात. मैत्री (१९८९) आणि भारती (२०१२) ही केंद्रं पूर्व अंटार्क्टिकात आहेत, द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटर लांब. पर्यटकांचं नेहमीचं जहाज तिकडे जात नाही. स्वालबार्डला मात्र न्यू-ओलेसुंद गावात २००८ पासून ‘हिमाद्री’ आहे. जहाज तिथे थांबणार असेल तर निदान बाहेरून पाहता येतं.

जहाज: माणसं मोजा

अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त पर्यटक उतरू शकत नाहीत, आणि ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजावरून कुणीच उतरू शकत नाही. स्वस्तातली ‘अंटार्क्टिका क्रूझ’ दिसली की आधी हे तपासा. दोनशेच्या आसपासचं जहाज असेल तर एक गट किनाऱ्यावर, दुसरा रबरी झोडियाक होड्यांतून हिमनगांमध्ये, मग अदलाबदल. सिल्व्हर एन्डेव्हर या जातीचं. व्हायकिंग ऑक्टँटिसवर ३७८ जण, खोल्या सुरेख, पण पाळी यायला वेळ लागतो. पोनां या फ्रेंच कंपनीचं ल कमांदां शार्को २४५ जणांचं खरंखुरं बर्फफोडं जहाज आहे, उत्तर ध्रुवाच्या बिंदूपर्यंत जाणारं. किंमतही तशीच. स्वालबार्डच्या संरक्षित भागात आता २०० प्रवाशांची मर्यादा आहे, त्यामुळे तिकडे लहान जहाज आपोआपच मिळतं.

हेलिकॉप्टर आणि पाणबुडीच्या जाहिरातींवर पैसे लावू नयेत. हवा चांगली असली तरच त्या चालतात. ध्रुवीय अनुभव असलेले वाटाडे किती, हे विचारणं जास्त मोलाचं.

पैसे आणि कागदं

चांगल्या लक्झरी जहाजावर द्वीपकल्पाला माणशी दहा लाखांच्या वर धरून चाला, साउथ जॉर्जिया जोडली की वीसच्या आसपास किंवा पुढे. स्वालबार्ड सहसा सगळ्यात कमी. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा कर, लागतो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण आधी रोख भरावा लागतो, म्हणून सीएंना बुकिंगपूर्वी भेटा. एकटं जाणाऱ्याला खोलीचा अधिभार मोठा बसतो.

आजारी पडल्यास तिथून रुग्णालयात हलवण्याच्या खर्चासह विमा बंधनकारक समजा. बीपी, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी काही लपवू नका. जहाजावर डॉक्टर असतो, पण मोठं रुग्णालय कित्येक दिवसांच्या अंतरावर असतं.

स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ओस्लोहून जाऊन परत ओस्लोला यायचं तर किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवा. एका प्रवेशाचा घेतला तर परतताना अडकाल.

शाकाहारी किंवा जैन जेवण मिळतं, मात्र बुकिंग करतानाच लेखी कळवावं. घरची चटणी, तीळ, शेंगदाणे चिलीमार्गे नेणार असाल तर विमानतळावर जाहीर करा, बी-बियाण्यांबाबत तिथली तपासणी फार कडक आहे. कपड्यांचंही तसंच. शेतात घातलेले बूट आणि पँट नेऊ नका. शिवणीत, वेल्क्रोत कुसळं आणि गवताचं बी अडकून राहतं, आणि बाहेरून आलेल्या एका साध्या गवताने किंग जॉर्ज बेटावर खरोखरच मुळं धरली होती. जहाजावर चिमट्याने एकेक बी काढायला लावतात. ते काम घरीच, उजेडात बसून करून घ्या.