सीबीडीच्या भावात भांगेच्या बियांचं तेल

घरगुती साबण-क्रीम बनवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. सध्या 'सीबीडी ऑइल' (सीबीडी म्हणजे भांगेच्या झाडातलं कॅनॅबिडिऑल हे द्रव्य) म्हणून जे हिरवं तेल किलोवर विकलं जातंय, ते घेण्याआधी लेबल बाजूला ठेवा आणि बिलावर काय छापणार ते विचारा. माझे आणि माझ्या जाऊबाईंचे पैसे या दोन कागदांमधल्या फरकात गेले.

आम्ही सांगलीत रीतसर परवाना काढून साबण, लिप बाम आणि कोरड्या त्वचेसाठी क्रीम बनवतो. गिऱ्हाईक हेम्पचं, म्हणजे भांगेच्या झाडापासूनचं, काही आहे का विचारायला लागलं. पुण्यातल्या एका प्रदर्शनात कच्चा माल विकणारा व्यापारी भेटला. बोलायला गोड आणि माहितगार. "मॅडम, बियांचं तेल सगळेच घालतात. आमच्यात सीबीडी आहे, तीस मिलीला 1000 मिलिग्रॅम. मुरमं, खाज, सोरायसिस, सगळ्यावर चालतं." आम्ही लॅबचा रिपोर्ट मागितला. त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. त्यात सीबीडीचा आकडा होता, शिक्का होता, सही होती. भाव साध्या हेम्प सीड ऑइलच्या आठपट. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल निघताना.

माल आला. गडद हिरवं तेल, अक्रोडासारखा वास. डब्यावर ठळक अक्षरांत 'सीबीडी रिच', आणि बिलावर नुसतं 'हेम्प सीड ऑइल'. फोन केला तर म्हणाला, "जीएसटीला तसंच लिहावं लागतं मॅडम." जाऊबाईंना ते पटलं नाही. त्यांनी पीडीएफ पुन्हा उघडून बॅच नंबर ताडून पाहिला. रिपोर्टवरचा नंबर वेगळा, डब्यावरचा वेगळा. त्याहून वाईट म्हणजे रिपोर्टात नमुन्याचं वर्णन 'पांढरी पावडर' असं होतं. शुद्ध सीबीडी पांढऱ्या स्फटिकांच्या पावडरीत मिळतं. म्हणजे कुणाच्या तरी पावडरीचा रिपोर्ट आमच्या तेलाला चिकटवला होता. एक डबा फोडून नमुना आम्ही एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत दिला. उत्तर आलं, सीबीडी आढळलं नाही.

आढळणार तरी कुठून? भांगेच्या झाडात सीबीडी असतं ते मुख्यतः मादी फुलांच्या तुऱ्यांवरच्या चिकट ग्रंथींत, थोडं पानांत. बियांत ते जवळजवळ नसतंच. कुमाऊंत याच बिया भाजून, वाटून चटणी करतात आणि घरातली लहान मुलंही ती खातात. 2021 मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने या बिया आणि त्यांचं तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं, तेव्हा सीबीडीची कमाल मर्यादा ठेवली किलोला 75 मिलिग्रॅम. आता हिशेब मांडा. तीस मिली तेलाचं वजन साधारण 28 ग्रॅम, म्हणजे त्यात फार तर दोन मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलेलं असतं 1000! हा आकडा बहुतेक वेळा बाटलीत किती 'हेम्प' आहे याचा असतो, आणि वाचणारा तो सीबीडीचा समजतो.

बियांचं तेल वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्यात लिनोलेइक आम्ल निम्म्याहून जास्त असतं, कोरड्या त्वचेला ते छान लागतं. फक्त ते लवकर खवट होतं, म्हणून फ्रिजमध्ये, काळ्या बाटलीत ठेवावं लागतं. ते त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने विका, कोण नको म्हणतं? सोरायसिसने हैराण झालेल्या माणसाला मात्र ते औषध म्हणून विकणं हे पाप आहे. सीबीडीमुळे त्वचेतल्या तेलग्रंथींच्या पेशी कमी तेल बनवतात हे हंगेरीतल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं, पण ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर. तेवढ्या आधारावर बाजारात 'मुरमं बरी होतात' असं छापतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे परत मागितल्यावर त्या माणसाची भाषा बदलली. "बिल बघा, आम्ही सीबीडी विकलंच नाही. आणि गांजाच्या तेलाची तक्रार घेऊन कुठे जाणार? तुम्हीच अडकाल." या एका वाक्यावर त्याचा सगळा धंदा उभा आहे. घरातली माणसं घाबरली, सासूबाई म्हणाल्या सोडून द्या. आम्ही वकिलांना गाठलं. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायच्या बिया आणि पानं त्या व्याख्येतून वगळलेली आहेत. बियांचं तेल विकत घेणं हा गुन्हा नाही. पानांचा अर्क 'विजया' या नावाने आयुर्वेदिक औषध परवान्याखाली विकला जातो, तो वेगळा विषय. म्हणजे त्याने दाखवलेली भीतीसुद्धा खोटीच होती.

दुसरी भीती अशी घातली, की धंद्यासाठी घेतलेल्या मालाची ग्राहक मंचात तक्रार होत नाही. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या मालाला या नियमातून सूट आहे, त्याची तक्रार करता येते. आम्ही दोघी स्वतः राबतो, त्यामुळे त्याच मुद्द्यावर नोटीस पाठवली आहे आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

तयार क्रीम विकत घेणाऱ्यांनी घटकांची यादी वाचावी. तिथे फक्त 'कॅनॅबिस सॅटायव्हा सीड ऑइल' असेल तर ते बियांचं तेल. सीबीडी असेल तर 'कॅनॅबिडिऑल' असं वेगळं लिहिलेलं हवं. तेवढ्यानेही खात्री होत नाही. अमेरिकेत 2022 मध्ये त्वचेला लावायच्या ज्या 89 उत्पादनांवर सीबीडीचं प्रमाण छापलं होतं ती तपासली, तर लेबलशी जुळणारी फक्त 21 निघाली.

ज्यांच्याकडे असा माल आधीच आला आहे त्यांनी एक तरी डबा सीलबंद राहू द्या. लेबलचा आणि बिलाचा फोटो शेजारी शेजारी ठेवून काढा, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी पुसू नका. आमच्या नोटिशीला वकिलांनी हेच जोडलं आहे.