'इनलँड' नेतो म्हणाला आणि बोट नदीकाठी टाकून गेला

बोट चोरीला गेली असती तर सांगताना एवढी लाज वाटली नसती. मी ती स्वतः त्या माणसाच्या स्वाधीन केली. ट्रेलर त्याच्या ट्रकला जोडायला टॉर्च धरला, वर गाडीत प्यायला थंड पाण्याची बाटली दिली आणि पैसे दिल्यावर "थँक्यू"सुद्धा मीच म्हणालो.

आम्ही फ्लोरिडात, टॅम्पा शहराच्या दक्षिणेला अपोलो बीचला राहतो. खाडीला लागून घरं, मागे कालवे. वादळाच्या नकाशात आमचा भाग 'झोन ए', म्हणजे घरं रिकामी करायचा हुकूम निघाला की पहिला नंबर आमचा. बोट 19 फुटी, मागे टांगलेलं 115 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, एकाच आसाचा ॲल्युमिनियमचा ट्रेलर. जुनी घेतलेली, पण मी मुरुडजवळच्या गावातला, होडी दारात असणं ही आमच्याकडे चैन समजत नाहीत.

26 सप्टेंबर 2024 च्या रात्री हेलीन हे हरिकेन पेरी गावाजवळ जमिनीवर आलं. पेरी आमच्यापासून कितीतरी उत्तरेला, शंभर मैलांहून जास्त. तरी टॅम्पाची खाडी अशी फुगली की आमच्या गॅरेजमध्ये गुडघाभर पाणी. बोट तेवढी वाचली, कारण ती आदल्या दिवशी समुद्रापासून आतल्या ब्रँडन गावात मित्राच्या दारात नेऊन ठेवली होती. त्या रात्रीपासून डोक्यात एकच समीकरण पक्कं झालं: पाणी समुद्राकडून येतं, म्हणून समुद्रापासून लांब म्हणजे सुरक्षित. पुढे त्या माणसाने माझ्याकडून पैसे काढले ते याच समीकरणावर.

हेलीनचा चिखल निघायच्या आत, शनिवारी 5 ऑक्टोबरला, मेक्सिकोच्या आखातात मिल्टनचं नाव ठेवलं गेलं. सोमवारी ते कॅटेगरी 5, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं झालं. अंदाजातली रेघ सरळ टॅम्पाच्या खाडीवर. घरात घट बसलेले, गल्लीत प्रत्येकाच्या दारात भिजलेल्या गाद्या आणि सोफ्यांचे ढीग. ब्रँडनच्या मित्राच्या दारात या वेळी त्याच्या सासऱ्यांचं सामान होतं. आम्ही अटलांटाला मामेभावाकडे निघणार होतो, पण बोट मागे लावून न्यायची हिंमत नव्हती. ट्रेलरचा एक टायर भेगाळलेला आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं काम जूनपासून "या रविवारी" चाललेलं. खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरची बेअरिंग अशी सोडली तर हायवेवर चाक जाम होतं. तेही गाड्यांच्या त्या रांगेत! माझ्या फसवणुकीची सुरुवात खरं तर त्या ग्रीसच्या डब्यापासून झाली.

रविवारी रात्री सोशल मीडियावर एक जाहिरात दिसली. पत्र्याची मोठी शेड, आत ओळीने बोटी, प्रत्येकीवर पिवळे पट्टे. "इनलँड (समुद्रापासून आत). उंच जमीन. चारही कोपऱ्यांनी बांधून मिळेल. घरून घेऊन जाऊ. फक्त सात जागा शिल्लक." वादळ जाईपर्यंतचे 650 डॉलर. फोन केला तर माणूस इतका बेफिकीर बोलला की मलाच घाई झाली. म्हणाला, उद्या दुपारपर्यंत सांग, नाहीतर जागा जाईल. मी कुठे आहे शेड विचारलं. "लेकलँडच्या बाजूला." नक्की पत्ता? "चोऱ्या होतात म्हणून बुकिंगनंतर देतो." हे उत्तर मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं, हे लिहितानाही हात अडखळतो.

त्याने विम्याचं प्रमाणपत्र पाठवलं, त्यावर कंपनीचा शिक्का, पॉलिसी नंबर, सगळं. कार्ड मशीन हेलीनमध्ये भिजलं म्हणून पैसे फोनवरून थेट बँक खात्यात. निम्मे रविवारी दिले, उरलेले सोमवारी रात्री नऊच्या सुमारास, तो ट्रक घेऊन आला तेव्हा. त्याच संध्याकाळी टॅम्पाच्या महापौर जेन कॅस्टर टीव्हीवर सांगत होत्या की रिकाम्या करायच्या भागात थांबलात तर मराल. असं ऐकल्यावर कोण पावती तपासत बसतो?

ट्रकवर कंपनीचं नाव नव्हतं. त्याने इंजिनाची किल्ली मागितली, ती दिली. मग बोटीचं टायटल मागितलं, म्हणजे मालकीचा अस्सल कागद, "वाटेत पोलिसांनी अडवलं तर." मी कपाटाकडे वळलोच होतो. बायको घटाशेजारची समई आवरत होती, तिथूनच म्हणाली, "नोंदणीची झेरॉक्स दे. टायटल कशाला?" आणि वर फोनवर व्हिडिओ काढत बाहेर आली. ट्रकची नंबरप्लेट त्यातच मिळाली. टायटल त्याच्या हातात गेलं असतं तर बोट कुणाला विकली गेली याचा शोध मी आजही घेत असतो.

आईचा मुरुडहून फोन आला तेव्हा आम्ही जॉर्जियाच्या हद्दीत रांगेत अडकलो होतो. तिने 3 जून 2020 चं निसर्ग वादळ घरात बसून काढलंय, कौलं उडताना पाहिलीत. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "होडी दुसऱ्याच्या भरवशावर शाकारतात का रे?" मी तिला इथली पद्धत वेगळी असते वगैरे समजावलं.

मिल्टन बुधवारी 9 ऑक्टोबरच्या रात्री सिएस्टा की या बेटावर जमिनीला लागलं, कॅटेगरी 3. म्हणजे आमच्या दक्षिणेला. केंद्र दक्षिणेला राहिल्यामुळे आमच्याकडचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता आणि टॅम्पाच्या खाडीतलं पाणी फुगायच्या ऐवजी बाहेर ओढलं गेलं. आमच्या दारात खाऱ्या पाण्याचा थेंब आला नाही. शेजाऱ्याच्या पोहण्याच्या तलावावरचा जाळीचा पिंजरा तेवढा कोसळला. (म्हणून कुणी "मग हललोच नसतो" म्हणू नका. ती रेघ थोडी वर सरकली असती तर आमच्या घराचं काय झालं असतं, हे हेलीनने दाखवलं होतं.) पाऊस मात्र भयानक. सेंट पीटर्सबर्गला 18 इंचांहून जास्त. आणि आतल्या भागात पडलेलं सगळं पाणी नद्यांमधून खाली येणार होतं. हिल्सबरो आणि अलाफिया या दोन्ही नद्या वादळ निघून गेल्यावर फुगल्या, तेव्हा आकाश निरभ्र होतं.

गुरुवारी, शुक्रवारी त्या शेडवाल्याचा फोन बंद. शनिवारी दसरा. आम्ही अटलांटात मामेभावाकडे सोनं वाटत असताना मेसेज आला: तुझी बोट सुखरूप आहे, पण शेडभोवती पाणी आहे, क्रेन लावावी लागेल, नऊशे डॉलर पाठव म्हणजे जागा कळवतो. मी तीनशे पाठवले. हो, पाठवले. घरात कुणाला न सांगता, बाथरूममध्ये उभा राहून. एकदा 650 गेल्यावर माणसाला वाटतं की आणखी थोडे घातले तर आधीचे परत येतील. त्यानंतर तो नंबर कायमचा बंद झाला.

बोट सापडली ती शेरिफच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पोलिसांच्या, ऑफिसमुळे. बोटीच्या बाजूला रंगवलेल्या नोंदणी क्रमांकावरून त्यांनी मला फोन केला. लेकलँडची शेड वगैरे काही नव्हतीच. लिथिया गावाजवळ, अलाफिया नदीपासून हाकेच्या अंतरावर, एका बाईंचं घोड्यांचं कुरण. त्या बिचारीला त्याने सांगितलं होतं की एका रात्रीपुरत्या गाड्या लावतो, एका ट्रेलरमागे 40 डॉलर देतो. अकरा बोटी होत्या. एक ट्रेलरवरून तरंगत जाऊन कुंपणावर आडवी पडलेली. पट्टा म्हणाल तर माझ्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला एक, तोही घोड्यांच्या फाटकाला अडकवलेला. उन्हासाठीची कापडी छत्री उघडीच, तिच्या सळ्या वाकून सुकाणूपुढची काच फोडलेली. आणि तळाचं बूच जागेवर घट्ट बसवलेलं. म्हणजे नदी यायच्या आधीच पावसाचं पाणी आत साचून बोट टबासारखी भरली, ट्रेलरची स्प्रिंग दबली, बोट मागे कलली, इंजिन बुडालं. त्या बुचाचा राग मला साडेनऊशे डॉलरपेक्षा जास्त येतो. ते काढायला दहा सेकंद लागतात.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलेत, ही चोरी नाही. विमा प्रमाणपत्रावरच्या कंपनीला फोन केला तर तो नंबर कुणाच्या तरी जुन्या मोटार पॉलिसीचा निघाला. जाहिरातीत दिलेलं कंपनीचं नाव राज्याच्या कॉर्पोरेशन विभागाच्या यादीत शोधलं, ही यादी कुणालाही फुकट पाहता येते: गवत कापणारी कंपनी, कधीच बंद झालेली. ही दोन्ही कामं मिळून दहा मिनिटांची. ट्रकची नंबरप्लेट भलत्याच गाडीची. तक्रार शेरिफकडे आहे, राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातही आहे.

माझ्या बोटीच्या पॉलिसीत एक कलम होतं, जे मी वादळानंतर वाचलं. नाव दिलेल्या वादळाआधी बोट हलवायचा खर्च केला तर निम्मा खर्च कंपनी देते, एका मर्यादेपर्यंत. खऱ्या पावतीवर. माझी पावती खोटी, त्यामुळे शून्य. शिवाय अशा वादळाच्या नुकसानीत पहिला हिस्सा माझा, तो ठरावीक रक्कम नसून बोटीच्या विमा रकमेच्या 10 टक्के. विम्यावाल्याने शांतपणे विचारलं, "बोट कुणाच्या ताब्यात होती?" त्याला काय सांगणार? इंजिनाचे पैसे फेब्रुवारीत मिळाले, तेही कापून. वादळाला नाव पडून ते जवळ आलं की बहुतेक कंपन्या नवी पॉलिसी देणं किंवा जुनी वाढवणं थांबवतात, म्हणून हे वाचन वादळांच्या हंगामाआधी, मे महिन्यात करायचं असतं.

आता मी काय करतो ते सांगतो, कारण त्याने ज्याचे पैसे घेतले ते काम मुळात मलाच करता येण्यासारखं होतं. पाणी चढायचा धोका असेल तर बांधाबांधीला अर्थ नाही, बोट हलवायचीच. पण कुठे, ते आपण जाऊन बघायचं. पत्ता हातात आला की फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या, पूर नकाशात टाकायचा, तो फुकट आहे. जवळच्या नदीचं, ओढ्याचं नाव विचारायचं. "इनलँड" हा शब्द ऐकून गप्प बसायचं नाही, समुद्रापासून तीस मैलांवरही खड्डा हा खड्डाच. या वर्षी ब्रँडनच्याच मित्राशी एप्रिलमध्ये ठरवून टाकलंय, त्याच्या अंगणात लोखंडी स्क्रूसारखे चार खिळे जमिनीत खोल फिरवून बसवलेत, मोठी कुत्री बांधायला मिळतात त्याहून दणकट. ट्रेलर तिथे नेला की चाकांना पुढून-मागून ठोकळे, टायरमधली थोडी हवा कमी, ट्रेलरची चौकट आणि स्प्रिंग यांच्यामध्ये लाकडी ओंडके, म्हणजे पाणी साचलं तरी वजन स्प्रिंगवर येत नाही. मग बोटीवरून पट्टे, ते फक्त ट्रेलरला नाही, जमिनीतल्या खिळ्यांनाही. हलकी ॲल्युमिनियमची होडी असेल तर उलट बूच लावून आत पाणी भरतात, वाऱ्याने उलटू नये म्हणून. माझ्यासारख्या, तळात बॅटरी आणि वायरिंग असलेल्या बोटीचं बूच काढायचं आणि नाक थोडं वर ठेवायचं. छत्री, गाद्या, अँटेना, मासे शोधायचं यंत्र, सगळं उतरवून घरात. ताडपत्री नको, ती वाऱ्यात शिडासारखी फुगते. झाडाखाली नको. कागद बोटीत ठेवायचे नाहीत, आणि शेवटी सगळ्या बाजूंनी फोटो. पहिल्यांदा मला चार तास लागले, आता दीड.

बेअरिंगमध्ये ग्रीस आता एप्रिलमध्ये भरतो. बायको कॅलेंडरवर गुढीपाडव्याच्या खाली लिहून ठेवते.

2025 च्या जूनमध्ये, हंगाम सुरू झाल्यावर आठवड्याभरात, तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, फोटो तोच: पत्र्याची शेड, पिवळे पट्टे, आणि नीट पाहिलं तर मागे बर्फाने पांढरा झालेला डोंगर, जो फ्लोरिडात कुठेच नाही. फक्त सात जागा शिल्लक. मी दुसऱ्या फोनवरून विचारलं, जमीन समुद्रसपाटीपासून किती फूट उंच आहे आणि जवळची नदी कोणती. त्याने वाचलं, थोडा वेळ टाइप करत असल्याचे तीन ठिपके दिसले, आणि मग त्याने मला ब्लॉक केलं.