कॅनकून एअरपोर्टजवळ पेट्रोल भरणार असाल तर ५०० ची नोट देताना सावध राहा

आधी आकडाच सांगतो कारण तो माझ्या डोक्यातून जात नाहीये. मेक्सिकोचे ७०० पेसो आणि ३० सेंताव्हो, म्हणजे त्यांचे रुपये-पैसे. डॉलरमध्ये सदतीस-अडतीस होतील. "जाऊ दे रे, एवढ्याशा पैशांसाठी किती मनाला लावून घेतोस" असं घरच्यांनीच ऐकवून झालंय. पण भर दुपारी, आई-बाबा गाडीत बसलेले असताना, दोन माणसांनी हसत हसत ते काढून घेतले आणि वर शेकहँड करून निरोप दिला, ते कसं विसरू? मेक्सिकोला गाडी भाड्याने घेऊन फिरणारे आपले लोक आता बरेच आहेत, म्हणून सगळं लिहितोय.

आम्ही टेक्सासमध्ये असतो, आई-बाबा सांगलीहून आले होते. अमेरिकेचा व्हिसा चालू असला की मेक्सिकोसाठी वेगळा लागत नाही, त्यामुळे मेक्सिकोचा युकातान भाग ठरवला. कॅनकूनला उतरून गाडी घ्यायची, वायादोलिद, चिचेन इत्सा, मेरिदा आणि परत. रस्ते उत्तम, माणसं प्रेमळ, आईला गुडघ्याचा त्रास आहे तर चिचेन इत्साच्या पिरॅमिडपाशी लोक स्वतः उठून तिला बसायला जागा देत होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण मला त्या देशाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती एअरपोर्टच्या आसपास टुरिस्टांवर टपून बसलेल्या लोकांबद्दल आणि त्यांना काहीही न करणाऱ्यांबद्दल.

मेक्सिकोत पंपावर आपण स्वतः पेट्रोल भरायचं नसतं. माणूस येतो, भरतो, काच पुसतो, त्याला ५-१० पेसो टिप द्यायची. यातल्या बऱ्याच जणांचं घर त्या टिपवरच चालतं म्हणतात, त्यामुळे आम्ही सगळीकडे हात सैल ठेवला होता. वायादोलिदला पंपावर एक बाई होत्या, त्यांनी नोझल लावायच्या आधी मला हाक मारून मीटरकडे बोट केलं, शून्य दाखवलं, मगच सुरू केलं. हिरवं नोझल म्हणजे मॅग्ना, साधं पेट्रोल. लाल म्हणजे प्रीमियम, ते महाग, आणि भाड्याच्या साध्या गाडीला त्याची काही गरज नसते, तरी न विचारता तेच भरणारे असतात, रंग बघत जा. मॅग्नाचा भाव २४ पेसोच्या आत ठेवायचा असा सरकारचा आणि पंपवाल्यांचा मार्च २०२५ पासून करार आहे, त्यामुळे भाव जवळपास सगळीकडे सारखाच दिसतो. भावात खायला जागा नाही, म्हणून मग मापात आणि नोटांत खातात.

आता परतीचा दिवस. मेरिदाहून कॅनकून साधारण ३०० किलोमीटर, टोलचा रस्ता, मध्ये पंप अगदी मोजके. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, युकातान राज्य आणि कॅनकून ज्या किंताना रो राज्यात येतं ते, यांच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे. कॅनकूनकडे येताना तुमचा एक तास जातो. आम्ही पुरेसा वेळ ठेवून निघालो होतो तरी तो तास गेला, एअरपोर्टच्या फाट्याला पोचेपर्यंत विमानाची घाई झाली आणि गाडी तर फुल टाकी करूनच परत द्यायची. एअरपोर्टजवळच्या पंपवाल्यांना हे सगळं पाठ असतं हो. समोरच्याकडे सामान आहे, म्हातारी माणसं आहेत, विमान आहे, हा परत भांडायला येणार नाही.

पंप चांगला मोठा, स्वच्छ, बाजूला दुकान. दोघं जण धावत आले. एक नोझलकडे गेला, दुसरा माझ्या खिडकीशी. "इंडिया? अमिगो! क्रिकेट!" करत त्याने काच पुसायला घेतली आणि तो नेमका माझ्या आणि पंपाच्या मीटरच्या मध्ये उभा राहिला. काच स्वच्छच होती! मेरिदाहून निघताना मी स्वतः पुसली होती. तरी हा फेस करून, रबर फिरवून, परत फेस करून पुसतोच आहे.

मागून बाबा म्हणाले, "अरे, झीरो बघितलास का?"

बाबांनी आयुष्यभर स्कूटरवरून उतरून शून्य बघितल्याशिवाय पेट्रोल घेतलं नाही. आपल्याकडे तर पंपावरचा पोरगाच म्हणतो, "साहेब, झीरो बघा." मी अमेरिकेत इतकी वर्षं स्वतःच कार्ड घासून स्वतःच नोझल धरतोय, तिथे दुसरा कोणी मीटर मागच्या गिऱ्हाइकाच्या आकड्यावरून पुढे चालू करेल हा प्रश्नच येत नाही, मग ती सवय राहणार कुठून? तरी बाबांनी म्हटल्याबरोबर मी मान बाहेर काढली. त्या काचवाल्याच्या काखेखालून मीटर दिसला आणि आकडा २०० पेसोच्या वर पळत होता. नोझल लावून जेमतेम काही सेकंद झाले होते.

तिथेच. तिथेच दार उघडून खाली उतरून थांबवायला हवं होतं, मला कळतंय. पण दाराला काचवाला टेकून उभा, हातात बादली, उतरायचं तर त्याला ढकलूनच उतरावं लागलं असतं. मी "झीरो? झीरो?" म्हणून ओरडलो तर म्हणतो, "सी, सी, झीरो, अमिगो." त्याच हसऱ्या चेहऱ्याने.

बिल झालं ९११ पेसो ६२ सेंताव्हो. ३८ लिटर, भाव २३.९९. गाडी छोटी सेडान. शेवटच्या टोलनाक्यावर बायकोने किलोमीटरसाठी डॅशबोर्डचा फोटो काढला होता, त्यात काटा पावच्या जरा वरच आहे. नंतर गाडीतलं मॅन्युअल काढून बघितलं तर टाकी ४१ लिटरची. पाव टाकी शिल्लक असताना ३० च्या वर पेट्रोल जाईलच कसं? म्हणजे ८ लिटर, १९१ पेसो ९२ सेंताव्हो, हवेचे. टाकी किती लिटरची आहे ते गाडी ताब्यात घेतानाच बघून ठेवा, काउंटरवरच, पार्किंगमधून बाहेर पडायच्या आत.

यानंतर नोटांचा प्रकार. मी नोझलवाल्याला ५०० च्या दोन नोटा दिल्या. मोजून दिल्या, बायकोने बघितल्या. एटीएममधून ५०० च्याच निघाल्या होत्या आणि सुट्टे म्हणून आमच्याकडे नुसती नाणी होती. त्याने नोटा घेतल्या, काचवाल्याकडे वळून काहीतरी बोलला, हात कमरेच्या पाकिटापाशी गेला आणि परत वळला तेव्हा त्याच्या हातात एक ५०० ची आणि एक २० ची. दोन्ही नोटा माझ्या खिडकीच्या कडेवर शेजारी शेजारी ठेवल्या, अगदी नीट, आणि बोट ठेवून दाखवतो की बघा साहेब, तुम्ही ५२० दिलेत.

२०१८ साली आलेली ५०० ची नोट निळी आहे, तिच्यावर बेनितो हुआरेझ. २० ची प्लॅस्टिकची जुनी नोटही निळी, तिच्यावरही हुआरेझ. आकाराने ५०० ची मोठी आहे आणि मागे देवमासा आहे, पण नवख्या माणसाला घाईत दोन्ही सारख्याच वाटतात. त्यामुळे क्षणभर स्वतःचीच शंका येते आणि त्यांना तेवढा क्षणच हवा असतो. पण मला शंका नव्हती. माझ्याकडे २० ची नोट एकदाही आलेली नव्हती, तर मी देईन कुठून? हेच मी त्याला सांगत होतो, हातवारे करून, पाकीट उघडून दाखवून. बायको मागून सांगतेय, मी बघितलंय, दोन पाचशेच्या होत्या. तोपर्यंत त्याने नोझल अडकवलं, मीटर पुसला गेला, मागच्या गाडीने हॉर्न सुरू केला, हा आवाज चढवायला लागला, आजूबाजूचे बघायला लागले. बाबा खाली उतरून "पाच लिटरचं माप आणायला सांग त्याला" म्हणून हटून बसले, आपल्याकडे पंपावर ते माप ठेवावंच लागतं ना, मागितलं की दाखवावं लागतं. इथे कोण समजून घेणार? शेवटी आई म्हणाली, "दे रे बाबा, विमान जाईल." तिसरी ५०० ची दिली. १०८ पेसो ३८ सेंताव्हो परत यायला हवे होते, त्याने १०० टेकवले. पावती मागितली तर मशीन बंद. काचवाल्याला मी आधीच १० ची दोन नाणी टिप दिली होती, ती तर स्वतःच्या हाताने दिली.

हिशोब करा. नोटेचे ४८०, मापातले १९१.९२, सुट्ट्यातले ८.३८ आणि टिपचे २०.

आणि आता पुढचं ऐका, माझा खरा संताप त्यावर आहे. पंपाच्या दुकानासमोरच पोलिसांची पिकअप उभी होती. दोघं थंड पीत उभे. मी फोनवर भाषांतर करून सगळं दाखवलं. एकाने वाचलं, पावती मागितली, नाही म्हटल्यावर म्हणे मग ठाण्यात जाऊन लेखी द्या, आमचं हे काम नाही. पंप वीस पावलांवर, माणूस समोर दिसतोय, त्याच्या पाकिटात अजून माझ्या नोटा आहेत, आणि यांना वीस पावलं चालायची नाहीत! वर त्या नोझलवाल्याने लांबून हात केला तर या साहेबांनीही हात केला.

गाडीवाल्यांच्या काउंटरवर सांगितलं तर ती मुलगी कंटाळलेल्या आवाजात, "हो, त्या पंपावर रोज होतं असं, तुम्ही प्रीपेड फ्युएल घ्यायला हवं होतं." म्हणजे टाकीचे पैसे त्यांनाच आधी भरायचे. रोज होतं? मग गाडी देताना का नाही सांगितलंत? तेव्हा अर्धा तास इन्शुरन्स गळ्यात मारत होतात, बंपरवरचा नखाएवढा ओरखडा फोटो काढून कागदावर चढवलात, आणि अमुक पंपावर जाऊ नका एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं? भिंतीवर एक कागद चिकटवता येत नाही? मग मदत केंद्र. तिथल्या माणसाने मला वॉटर पार्कचं ब्रोशर दिलं. खरंच दिलं. त्याच्या मागच्या बाजूला एक नंबर लिहून म्हणाला इथे तक्रार करा, पण पावती लागेल. अहो, जो माणूस नोट बदलतो तो तुम्हाला पावती देईल का? पावतीशिवाय तक्रार नाही आणि चोर पावती देत नाही, म्हणजे चोराला कायमचीच सूट. कॅश दिल्यामुळे अमेरिकेतल्या बँकेनेही हात वर केले.

जाणाऱ्यांनी हे करा. गाडीतून खाली उतरा, सगळे बसलेले असले तरी एकाने उतरून मीटरसमोरच उभं राहायचं, काच पुसायला आलेल्याला हाताने थांबवायचं, शून्य दिसेपर्यंत नोझल टाकीत घालू द्यायचं नाही. दोन माणसं एकदम अंगावर आली तर सरळ गाडी काढून पुढच्या पंपावर जा. ५०० ची नोट पंपावर काढूच नका, आधी दुकानात पाणी-बिस्किट घेऊन मोडा, २०० ची हिरवी आणि १०० ची लाल असते, त्यात गोंधळ होत नाही. द्यायचीच वेळ आली तर आकडा मोठ्याने बोलत, एकेक नोट उघडून, त्याचा हात बघत द्या, आणि बरोबरच्याला मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. मीटरचा फोटो शेवटच्या आकड्यासकट काढा, पैसे देण्याच्या आधी, कारण नंतर तो पुसला जातो. कार्डाने देणार असाल तर मशीन गाडीपाशी आणायला लावा, कार्ड घेऊन आत जाऊ देऊ नका, आणि मशीन पेसो की डॉलर विचारेल तिथे पेसोच दाबा. प्रोफेको म्हणजे तिथलं ग्राहकांसाठीचं सरकारी खातं, त्यांचं लित्रो पोर लित्रो नावाचं ॲप आहे, त्यात पंपांचे भाव दिसतात आणि पंपाविरुद्ध तक्रारही करता येते, ते जायच्या आधीच फोनवर टाका, मला हे घरी आल्यावर कळलं.

आणि टाकी एअरपोर्टच्या फाट्याशी येऊन भरू नका. वायादोलिदला भरून निघालात तर कॅनकूनपर्यंत काटा थोडा खाली येईल, तेवढ्या फरकाचे पैसे गाडीवाले लावतील ते लावू देत. तेवढं पेट्रोल त्यांच्या दराने घेतलं तरी छापील बिल हातात येतं.