पुठ्ठा जुना, पानं नवी: नोटांच्या अल्बमच्या व्यवहारात मी कसा फसलो

गेल्या डिसेंबरात मी ४२,००० रुपये देऊन नोटांचा एक ‘जुना जर्मन अल्बम’ घेतला. तो जुना नव्हता. पैसे गेले त्याहून मोठं नुकसान पुढे पावसाळ्यात झालं.

मी दादरला राहतो, बरीच वर्षं जुन्या नोटा जमवतो. नोटांइतकंच मला त्या ठेवण्यासाठी त्याच काळी बनवलेल्या अल्बमचं वेड आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत सुट्ट्या पैशांची टंचाई झाली. धातू युद्धाकडे वळला, लोकांनी नाणी दडवली. मग गावोगावच्या नगरपालिकांनी, बँकांनी, कारखान्यांनी स्वतःच्या नोटा छापल्या. त्या नोटगेल्ड. १९२०-२२च्या सुमारास तर रंगीत चित्रांच्या मालिका मुद्दाम संग्राहकांसाठी निघू लागल्या आणि त्यांच्यासाठी खास अल्बमही विकले जात. साध्या नोटगेल्ड आजही स्वस्तात मिळतात, पण त्या काळातला धड अल्बम क्वचित हाती लागतो. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं.

एका प्रदर्शनात त्याची ओळख झाली होती. फोन आला, “दादा, ग्रँट रोडच्या एका पारशी घरातला माल आहे. आजोबा हॅम्बर्गला होते. घर रिकामं करतायत, शनिवारपर्यंतच आहे.” फोर्टमधल्या एका हॉटेलात भेटलो. हिरवं कापडी बाइंडिंग, झिजलेले कोपरे, आत चाळीस नोटा. भिंगाखाली मी एकेक नोट तपासली, सगळ्या खऱ्या. इथेच मी फसलो. नोटा खऱ्या आहेत म्हटल्यावर अल्बमवर संशय घ्यावा हे सुचलंच नाही. ५५ हजारांवरून ४२वर आलो. पावती मागितली तर म्हणाला, “घरच्यांना नाव नकोय.” निम्म्याहून जास्त रक्कम रोख दिली.

त्याने ‘नोटा जपायला’ प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं फुकट दिली. त्यातल्या एकात मी आजोबांकडून आलेली पंचम जॉर्जची १९१७ची एक रुपयाची नोट ठेवली. युद्धात चांदी कमी पडली म्हणून सरकारने ती काढली होती. पंचवीस नोटांची वही असायची आणि त्यातून एकेक फाडून द्यायची. माझ्या नोटेच्या डाव्या कडेला फाडल्याच्या खुणा अजून होत्या. त्या काळच्या अल्बममध्ये ती शोभेल असं वाटलं. जुलैत उघडून पाहिलं तर पाकीट चिकट झालेलं, नोट आत घट्ट बसलेली. पाकिटं पीव्हीसीची होती. हे प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते हळूहळू बाहेर येतं, आणि मुंबईच्या दमट उकाड्यात तर लवकरच. सोडवताना नोटेवरच्या गब्बे या सरकारी अधिकाऱ्याच्या सहीचा काही भाग प्लास्टिकवरच राहिला. ती सही पुन्हा येणार नाही.

गिरगावातल्या एका ज्येष्ठ संग्राहक काकांकडे सगळं घेऊन गेलो. त्यांनी दिवे मालवून पानांवर यूव्ही टॉर्च मारला. पानं निळसर पांढरी चमकली. “अरे, कागद उजळ दिसावा म्हणून जे रसायन घालतात, त्याची ही चमक. ते दुसऱ्या महायुद्धानंतरचं. पुठ्ठा जुना आहे रे, दुसऱ्याच कुठल्या तरी वहीचा. आतली पानं आत्ताची.” मग त्यांनी नोटा खोवायच्या चिरा दाखवल्या. पान वरून तपकिरी, पण चिरेची आतली कड पांढरी. म्हणजे आधी पान रंगवलं, मग कापलं. नोट काढली तर खालचा कागद बाकी पानासारखाच. शंभर वर्षं नोट एकाच जागी असेल तर तिची सावली कागदावर उमटते. इथे काहीच नव्हतं.

सगळ्यात लागलं ते पहिल्या पानावरचं शीर्षक, ‘डॉइचेस नोटगेल्ड’ (Deutsches Notgeld), म्हणजे जर्मन नोटगेल्ड. जुन्या जर्मन वळणाची छपाई. त्या वळणात एस अक्षराची दोन रूपं असतात, शब्दाच्या शेवटी आखूड वळणदार आणि आत लांब, उभं. पहिल्या शब्दात एस दोनदा येतो, मधला उभा हवा. माझ्या अल्बमात दोन्ही एकसारखे होते. कुणीतरी कॉम्प्युटरवर टाइप करून छापलं होतं. हॉटेलात ते पान माझ्यासमोर दहा मिनिटं उघडं होतं.

विकणाऱ्याला फोन केला. “मीही फसलो, दादा,” म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून नंबर ब्लॉक. जेवढे पैसे यूपीआयने दिले होते तेवढ्याच पुराव्यावर पोलिसांत तक्रार दिली आहे, रोख रकमेला काहीच आधार नाही.

गेल्या आठवड्यात ठाण्याच्या एका मित्राने त्याला विकायला आलेल्या अशाच एका अल्बमचे फोटो मला पाठवले. आता लाल कापडी पुठ्ठा, पुण्यातल्या वाड्यातली ट्रंक, शनिवारपर्यंतची मुदत. पहिलं पान मोठं करून पाहिलं, दोन्ही एस एकसारखे. त्याने अजून पैसे दिले नव्हते. तुम्हाला असा अल्बम कुणी दाखवला तर आधी ते पान मोठं करून बघा, आणि फोटो मलाही पाठवा. पोलिसांकडच्या कागदांना ते जोडता येतील.